शेवंताची उडी

१५ नोव्हें. १९५४, सोम.
तिसरीचा कवायतीचा तास. बाकावरून मऊ मातीत उडी. चवड्यांवर उतरायचं, गुडघे वाकवायचे. सगळ्यांना जमलं, शेवंता राहिली. तीन दिवस बाकावर चढते नि उतरते. आज म्हटलं, मी हात धरते, मार. तिने धरला. मी मध्येच सोडला. तिला एकटीने जमावं म्हणून. पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी आहे म्हणूनही.
उजव्या हातावर पडली. रडली नाही, नुसती हाताकडे बघत राहिली. सरकारी दवाखाना. मनगट मोडलंय. प्लॅस्टर.

१६, मंगळ.
मोठ्या बाई म्हणाल्या, "नोंदवहीत लिहा, मधल्या सुट्टीत खेळताना पडली." लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं.

१८, गुरु.
शेवंताकडे गेले. कोष्ट्यांची वस्ती. बाप मागावर, मान वर केली नाही. आई म्हणाली, "हे पोरगी मले सुताच्या कांड्या भरून देत होती. आता मी एकटीच. पन बाई, तुमी तं हात धरला होता म्हनते. मंग पडली कशी?"
मी तोंड उघडायच्या आत शेवंता : "मीच सोडला, माय."
चहा दिला. प्यायले. कसा प्यायले…

१९, शुक्र.
नोंद खोडली. खाली खरं लिहून सही केली. मोठ्या बाई : "तुम्ही अजून कायम झाल्या नाहीत, विसरलात का?" विसरले नाही. शाळा तपासणीच्या कार्यालयाला झालं ते लिहून पत्र टाकलं. घरी आईला बोलले नाही.

२१, रवि.
शेवंताच्या बापाला सांगितलं. हात मी सोडला. माग थांबला. मग, "पोरीले खोटं काहून बोलाले लावलं?"
"मी नाही लावलं."
"तुमी तिथंच होत्या न. चूप होत्या."
खरं आहे.

२८ डिसें., मंगळ.
प्लॅस्टर निघालं. मूठ वळत नाही. डॉ. म्हणतात, होईल हळूहळू. शाळा सुटल्यावर चिंध्यांचा चेंडू दाबायला देते. चार बोटं टेकली, अंगठा नाही. चेंडू परत देताना म्हणाली, "मी खोटं बोलली म्हून रागावल्या का, बाई?"
नाही म्हटलं. आणखी काही म्हणायला हवं होतं.

८ जाने. १९५५, शनि.
कार्यालयाचं पत्र. सोमवारी अकराला सदरच्या कार्यालयात हजर व्हा. पालकांनाही बोलावलंय. संध्याकाळी सांगायला गेले. बाप अंगणात रंगवलेलं सूत वाळत घालत होता.
"येतो जी."
विचारायला नको होतं, तरी विचारलं, काय सांगणार?
सूत झटकून दोरीवर टाकलं. "तिथंच सांगीन."
शेवंता दारातून म्हणाली, "बाबा, मी बी येतो."
तो नको म्हणाला नाही.