हरकतदाराच्या जागी तुमचं नाव

तीर्थरूप नाना,

तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणाऱ्या सुनेनं सासऱ्याला काय लिहायचं? त्यात तुम्ही पोस्टमन, जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाहिलेले. पण आज अंगणवाडीतली पोरं घरी गेली, खिचडीचं पातेलं घासून झालं, आणि मी तुमच्या नावाचा फॉर्म समोर घेऊन बसले आहे. मतदार यादीतून नाव काढण्याचा. सगळे रकाने भरले, पण ‘कारण’ लिहिलंय त्या जागी पेन अडला. तो रकाना भरण्याआधी तुम्हाला सगळं सांगायला हवं. तुमच्या माघारी तुमच्या नावानं गावात काय काय झालं, ते तुम्हाला कोण सांगणार?

नाना, तुम्ही माघात गेलात. आणि श्रावणात तुम्ही एकेचाळीस अर्ज केलेत.

यादीचं काम आपल्या गावात माझ्याकडेच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. नवीन नावं घ्यायची, मेलेल्यांची काढायची, कोणी हरकत घेतली तर घरी जाऊन खरंखोटं बघायचं. तसाच एक गठ्ठा तालुक्याहून माझ्याकडे आला. एकेचाळीस माणसांवर हरकत, सगळी नदीपलीकडच्या वस्तीतली. काहींपुढे ‘मयत’, बाकीच्यांपुढे ‘कायमचे स्थलांतरित’. दिवाळी झाली की ऊस तोडायला गुजरातमध्ये जाणारी आणि उन्हाळ्यात आखाजीला परत येणारी माणसं कायमची कुठे गेली? मी खाली बघितलं, हरकत घेणाऱ्याचं नाव काय ते. तुमचं. तुमचा कार्ड नंबर. आणि तुमची सही, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं.

मला राग आला. रमीबाईच्या नावापुढे ‘मयत’ होतं. रमीबाई त्याच सकाळी माझ्या दारात अंबाडीची भाजी टाकून गेली होती.

आता मुख्य गोष्ट. मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलंच कसं? हा प्रश्न मला पुढे साहेबांनीही विचारला. तुम्ही विचारण्याआधी मीच सांगते. गावातल्या प्रत्येक मयताचं नाव मी वेळेवर काढलं. तुमचा फॉर्म भरायला घेतला तेव्हा आई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, “यादीमा तरी ऱ्हाऊ दे माय त्यास्ले.” मी फॉर्म घडी करून ठेवून दिला. वाटलं, एक नाव राहिलं तर कोणाचं काय बिघडतंय? नाना, ही चूक माझी. आईंची नाही.

तुम्ही गेल्यापासून गाव कसं झालंय म्हणून सांगू! निवडणूक यायची आहे, आणि माणसं मोबाईल उलटा ठेवून बोलतात. कोणी घराचा फोटो काढला की बाया पदर ओढून आत जातात. सर्वे करायला म्हणून दोन पोरं आली, कोणाचा सर्वे ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी अंगठे दिले. न देऊन सांगता कोणाला? योजनेचा हप्ता बंद पडला तर? मागच्या वेळी ज्याच्याविरुद्ध घसा फोडला, त्याच्याच गाडीत आता आपली माणसं बसतात, आणि आपण विचारलं तर ‘विकासासाठी’ म्हणतात. धानोऱ्याच्या बाजारात एक बाई मला म्हणाली, ताई, मत कोणालाही देऊ, पण आधी सांग, आम्ही अजून यादीत आहोत ना? तिनं सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवलेले. मिरच्या घेतानाही तिचा एक हात त्या पिशवीवरच होता.

या हवेत मी घरातल्यांवर संशय घेतला, त्यात नवल काय?

होय, आधी मी ह्यांच्यावर संशय घेतला, तुमच्या दिलीपवर. तुमचं कार्ड घरातल्या पत्र्याच्या पेटीत. तुमची सही घरातल्या माणसाला माहीत. आणि उमेदवारीच्या मागे लागलेल्या एका पुढाऱ्याच्या ग्रुपवर हे काही महिन्यांपासून आहेत, रात्रंदिवस मोबाईल टिणटिण करतोय. मी ह्यांच्या खिशात हात घातला, पाकीट बघितलं, मोबाईलसुद्धा उघडून पाहिला. ह्यांनी बघितलं. दोन दिवस ताट वाढून घेतलं आणि ओसरीत बसून जेवले. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, की माझ्या बापाच्या सहीला मी हात लावीन असं तुला वाटलं कसं?

मग मी गठ्ठा पुन्हा उलगडला. प्रत्येक अर्जाला तुमच्या कार्डाची झेरॉक्स जोडलेली. तुमची सवय आठवते ना? झेरॉक्स कोणाला द्यायची तर तिच्यावर आडवं लिहायचं: फक्त गॅससाठी, फक्त बँकेसाठी. खाली सही. आम्ही हसायचो. मी तर एकदा म्हटलं होतं, नाना, तुमचा जगावर विश्वासच नाही. तुम्ही म्हणालात, जगावर आहे गं, झेरॉक्सवर नाही.

त्या झेरॉक्सवर मध्ये एक पांढरी पट्टी होती. कोणीतरी कागदाची चिंधी चिकटवून तुमची ओळ झाकली आणि वरून पुन्हा झेरॉक्स काढली. पण पट्टी आखूड पडली. एका टोकाला तुमच्या अक्षरातलं ‘पेन्शन’मधलं ‘पे’ बाहेर राहिलंय.

ते ‘पे’ मी ओळखलं. ‘फक्त पेन्शनसाठी’ लिहिलेली झेरॉक्स एकच होती. ती तुमच्या हयातीच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये पडून होती, आणि तुम्ही गेल्यावर आईंच्या कुटुंब पेन्शनच्या कामाला मीच ती काढून दिली होती. माझ्या या हातांनी, गिरवायला आयत्या सहीसकट. किरणला.

किरण म्हणजे गल्लीतला तोच, ज्याला तुम्ही सायकल शिकवलीत. आता त्याचा फोटो फ्लेक्सवर असतो, त्याच पुढाऱ्याच्या खाली, हात जोडून. तुमच्या दहाव्याला सगळ्यात आधी तोच आला, सगळ्यात मोठ्यानं तोच रडला. आईंना म्हणाला, काकू, पेन्शनचं माझ्यावर सोडा. आम्ही सोडलं. पेन्शन सुरू झाली हेही खरं, म्हणून तर त्याच्याकडे कधी कागद परत मागितले नाहीत. आता विचारलं तर म्हणतो, वहिनी, तो गठ्ठा माझ्याकडून ऑफिसात राहिला. कोणत्या ऑफिसात? तिथे रोज शंभर माणसं येतात म्हणे. तुमची आण घेऊन सांगतो म्हणाला. त्यानं आण घेतली आणि वाकून माझ्या पाया पडायला लागला, तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. नाना, मला त्याच्या विरोधात काही सिद्ध करता येत नाही. पण तो आता गल्लीतून जाताना मोटारसायकलचा वेग वाढवतो, हे मी बघते.

नोटिसा वाटायचं कामही माझंच होतं. एकेचाळीस वस्तीत, आणि बेचाळिसावी आपल्या घरी. हरकतदारानं सुनावणीला समक्ष हजर राहावं. तुम्हाला बोलावणं होतं! आईंनी ती नोटीस माझ्याकडून वाचून घेतली, घडी घातली, आणि कमरेला खोचली. मला म्हणाल्या, “मी जासू.”

सुनावणीची तारीख बघा कशी होती. दिवाळीनंतर वस्तीचा ऊसतोडीचा ट्रक सोमवारी निघणार आणि सुनावणी बुधवारी. ही तारीख कोणी मुद्दाम धरली का, मला माहीत नाही. मुद्दाम नसेलही. पण हल्ली मला पाऊस पडला तरी वाटतं, कोणाच्या सोयीनं पडला?

मी नोटिसा घेऊन नदी ओलांडली. रमीबाईच्या हातात तिची दिली आणि सांगितलं, तू मेलीस असं यात लिहिलंय. ती हसली. मग विचारलं, कोणी लिहिलं? मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. तुमचं नाव सांगितलं.

तिचं हसू गेलं. आजूबाजूला चारपाच जणं जमली होती. तुम्ही गेलात तेव्हा ही माणसं बारडोलीकडे उसात होती. आखाजीला परतल्यावर आईंना भेटायला आली, ओसरीवर बसून रडली. याच रमीबाईच्या नवऱ्याची मनीऑर्डर तुम्ही कंबरभर पाण्यातून नेऊन दिली होती, असं तीच सांगत होती. आणि आता तिनं मला विचारलं, “नानानी आमनं नाव कसाले कापं?”

मी म्हटलं, नानांनी नाही कापलं. अर्ज श्रावणातले आहेत, नाना माघात गेले. ती म्हणाली, तारीख तर मागचीपुढची घालता येते, मरण्याआधी सह्या करून ठेवल्या असतील, सगळेच करतात. कोणाचा काय भरवसा, असंही म्हणाली. नाना, ती तुमच्याबद्दल असं म्हणाली! तिला दोष देऊ? माझ्याच नवऱ्याच्या खिशात हात घालणारी मी.

त्या दिवसापासून मला एकेचाळीस नावांपेक्षा तुमच्या एका नावाची जास्त काळजी लागली. खरं सांगते. त्यांची नावं गेली तर पुन्हा घालता येतील, मी घालीन. पण वस्तीत तुमचं नाव एकदा असं घेतलं गेलं की ते कोणत्या फॉर्मनं काढायचं? तुम्हाला सोडवायला तुमच्या मृत्यूचा दाखला पुरेसा होता. तोच दाखला दाखवला की मी अडकणार होते. यादीचं काम करणारी बाई, आणि स्वतःच्या घरातला मेलेला माणूस तिनं नऊ महिने यादीत जिवंत ठेवला. नोकरीवर येऊ शकतं, असं ह्यांनीही सांगितलं. सांगितलं आणि मग दाखला पेटीतून काढून माझ्या पिशवीत स्वतःच ठेवला.

सोमवारी ट्रक आला आणि रिकामा उभा राहिला. मुकादम ओरडून ओरडून थकला. वस्तीतल्यांनी त्याला सांगितलं, बुधवारी आम्ही जिवंत आहोत असं सांगून येतो, मग चल. बुधवारी नंदुरबारला त्याच ट्रकमध्ये बसून सगळे आले. आम्ही एसटीनं गेलो. बाहेर आवारात रमीबाई आईंपासून लांब बसली. आई तिच्याकडे बघत होत्या, ती बघत नव्हती.

साहेबांनी हरकतदाराचं नाव पुकारलं. तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आई उठल्या. नाना, तुम्ही गेल्यापासून तुमच्यासाठी ‘वारले’ हा शब्द आईंच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता. ‘ते नाहीत’ म्हणायच्या, जसे काही रनाळ्याला गेले आहेत. त्या टेबलापर्यंत गेल्या, कमरेची नोटीस काढून पुढे ठेवली, आणि वस्तीतल्या माणसांकडे हात करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

“मन्हा मालक माघ महिनामा मरी गयात. त्यास्नी कोनंच नाव कापं नही. आनि या बठ्ठा जित्ता शेतस.”

मी दाखला ठेवला. साहेबांनी तारीख बघितली, अर्ज बघितले, ती पांढरी पट्टी बोटानं चाचपली. मग माझ्याकडे वळून विचारलं, यांचं नाव अजून यादीत कसं? मी म्हटलं, माझी चूक. आईंनी मध्ये बोलायला तोंड उघडलं, मी त्यांचा हात दाबला. साहेबांनी लिहून घेतलं. हरकती फेटाळल्या असं तोंडी सांगितलं, लेखी येईल. मलाही लेखी येईल, खुलासा मागणारं. येऊ दे.

बाहेर आलो तर रमीबाई पुढे आली. आईंच्या समोर उभी राहिली आणि त्यांच्या पायातल्या चपलेची निघालेली पट्टी खाली बसून नीट लावली. मग ट्रककडे गेली.

तर हे असं आहे, नाना. नावं राहिली असं साहेब म्हणतात. मी अजून विश्वास ठेवलेला नाही. अर्ज कोणी केले ते शोधतो म्हणाले, त्यावर तर मुळीच नाही. आई आज सकाळी म्हणाल्या, फॉर्म काढ, आणि अर्जदार म्हणून मला लिही, तू नको. सही करायला तुम्हीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी केली आहे, जरा वाकडी आहे. राहिला तो ‘कारण’चा रकाना. आता भरते.

वचन देते, की हा फॉर्म मी उद्या हातोहात देईन आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही. वस्ती उसात असेल, म्हणून पक्की यादी लागेल त्या दिवशी त्यांची एकेचाळीस नावं मी बोट ठेवून वाचीन, एक कमी भरलं तरी साहेबांच्या ऑफिसच्या दाराशी बसेन. पण त्याआधी मी तुमचं नाव शोधीन. ते नसेल तेव्हाच घरी येऊन आईंना सांगीन, की नानांच्या हातून आता कोणाला कोणाचं वाईट करवता येणार नाही.

तुमची सून,
संगीता