गाडी मी सांगितली

आत्याबाई, तुमच्या पायावर डोकं ठेवते.

हे पत्र मी धाडणार नाही. तुम्हाला वाचता येत नाही. दुसरं कुणीतरी वाचून दाखवेल, आणि तेच मला नको आहे.

अपघातात हे गेले, तुम्ही वाचलात. नंतर विमा कंपनीचा माणूस दवाखान्यात तुमच्या खाटेपाशी आला. "गाडी कुणी सांगितली होती?" त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "मीच सांगितली हुती." तुमचं सांगणं म्हणजे भाच्याला हाक मारून "रवी, डोळं दाखवायला नगरला ने रं" म्हणणं. त्याला ते भाड्याचा टेम्पो सांगतात तसं वाटलं. खासगी गाडी भाड्याने चालवली, म्हणून कंपनीने विम्याचा दावाच नाकारला. मी नगरच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, अहो, आत्या आहेत त्या यांच्या. साहेब म्हणाले, जबाबावर त्यांचाच अंगठा आहे.

गाडी भंगारात गेली, जाऊ दे. पण यांनी सख्ख्या आत्याकडून भाडं घेतलं असं कागदावर राहिलं, ते सोसवत नाही.

काल तुम्ही काठी टेकत कर्जतच्या घरी आलात. चहा घेता घेता विचारलंत, "रेश्मा, इम्याचं झालं का गं?"

मी म्हटलं, "झालं, आत्याबाई."

तुम्ही यांच्या फोटोकडे बघून डोळ्याला पदर लावलात. म्हणालात, "रवीसाठी माज्या हातनं एवढं तरी झालं. सायबाला मी समदं नीट सांगितलं हुतं."

तुमची भाचसून,
रेश्मा