दुर्गेश्वरीची उत्तरं

आमगाव, जानेवारी २०१४

शकुंतलाताई,

हे पत्र पेटीत टाकायचा धीर मला होणार नाही.

रोबोट स्पर्धेत तुझ्या दुर्गेश्वरीचा पहिला नंबर आला, एवढंच मी फोनवर सांगितलं. रोबोट मीच बनवला होता. तिनं वायरीला हात लावला की मी ओरडायचो, "कायले हात लावतेस? बिघडवशील!" उत्तरं तेवढी पाठ करून घेतली.

"हा कोणी बनवला?" परीक्षकांनी विचारलं. ती माझ्यासारखीच खाकरली आणि माझ्याच जाड आवाजात पाठ केलेलं उत्तर बोलू लागली. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला.

परतताना एसटीत मी विचारलं, "भूक लागली का वं?"

ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "मामाजी, याचं उत्तर काय सांगू?"

तुझा भाऊ,
भुवनेश्वर