दीनाला विचारलंत का?

जेरुसलेम, डिसेंबर २०१७

प्रिय पप्पा,

शालोम. मी बरी आहे, पोटभर जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

बारावी संपली की आपल्या दीनाचा साखरपुडा, हे मला बोर्डीच्या आत्याकडून कळावं? संताप झालाय माझा, पप्पा.

इथे आम्ही मुली दिवसभर जोडीजोडीने तालमूद हा आपला धर्मग्रंथ वाचतो आणि अर्थावरून कडाकडा भांडतो. वादात हरलेल्या धर्मगुरूंचं मतसुद्धा त्या ग्रंथात शेकडो वर्षं जपून ठेवलंय.

आणि तुम्ही धाकट्या लेकीला तोंडही उघडू दिलं नाहीत!

साखरपुड्याला प्रसादाच्या मलिद्यासाठी पोहे भिजवण्याआधी तिला विचारा. नाही म्हणाली, तर पोहे डब्यातच राहू द्या.

तुम्हीच शिकायला पाठवलेली,
सिपोरा