साखरचोर

१ तारीख, सोमवार
आले एकदाची. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, नळाला भरपूर पाणी. भाचीने जागा चांगली शोधली. आजवर तिने केलेलं हे पहिलं नीट काम. तिचं घर बसने वीस मिनिटांवर, म्हणजे रोज येऊन डोकं खाणार नाही. एकतीस वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळल्यावर एवढी शांतता माझ्या हक्काची आहे. निरोपाच्या वेळी मी एकच वस्तू मागून घेतली, माझ्या खोलीतलं लोखंडी कपाट. त्याचं कुलूप एकाही मुलीला उघडता आलं नाही, आणि मुली काही साध्या नव्हत्या. ते वर चढवताना चार हमालांनी मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते तोंडावर दिसत होतं. पुस्तकं आणि भिंग अजून खोक्यात आहेत. मोतीबिंदू काढेपर्यंत वाचन बंदच. लिहिणं मात्र हाताच्या सवयीने होतं.

३ तारीख
माझं इन्सुलिनचं पेन या गावात मिळत नाही. दवाखान्याने दुसऱ्या कंपनीचं लिहून दिलं. मला नको होतं. औषधवाला म्हणाला, आजी, पेन बदललं तरी शाई तीच! आजी म्हणे. मी याची कोण? पेनाच्या खिडकीतला आकडा बघूनच टोचा, हे मात्र त्याने दोनदा बजावलं. अकरा वर्षं टोचून घेतेय, आता हा मला शिकवणार. ते आकडे मुंगीएवढे; मी कानाने मोजते. एक टक् म्हणजे एक युनिट. दुपारी जेवणाआधी चौदा टक्. जुनं पेन ठसठशीत वाजायचं. हे दबकत बोलतं.

६ तारीख
जेवून खुर्चीत टेकले आणि एकदम चार वाजलेले. मी दुपारची झोपत नाही, कधीच नाही. अंगावरचे कपडे घामाने चिंब, बोटं थरथरत होती. साखर उतरली की काय असं वाटून गेलं, पण घड्याळाबरहुकूम राहणाऱ्या माणसाची साखर उतरत नाही. जिना बाधला असेल. स्वयंपाकघरात साखरेचा डबा उघडा, ओट्यावर दाणे सांडलेले. ही साखर पाहुण्यांच्या आणि कामाच्या बाईच्या चहापुरती. मी तिला शिवत नाही. दुसरी किल्ली बाईकडे आहे.

८ तारीख
काल डब्यावर आतून पेन्सिलीची रेघ ओढून ठेवली होती. वसतिगृहात या रेघेने सात जणी पकडल्या. आज साखर रेघेच्या दोन बोटं खाली. बाईला विचारलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, चोरायचंच झालं तर मी साखर चोरीन होय? कपाट नाही का नेणार? वर हसली. किल्ली काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. भाची फोनवर म्हणाली, मावशी, तुझ्याकडे भिंतसुद्धा टिकायची नाही.

९ तारीख
सकाळी रक्तातली साखर दोनशे चाळीस. गंमतच आहे. साखर चोर खातो आणि वाढते माझी. जुन्या डॉक्टरीणबाईंनी दोन युनिटं वरखाली करायची मुभा दिली होती. आजपासून सोळा टक्.

१० तारीख
बाई नाही. दार आतून कुलूपबंद. तरी साखर गेली.
दुपारी मी डब्यापुढे फरशीवर अंगाला लावायची पावडर पसरून ठेवली होती. चारला पाहिलं तर पावलं उमटलेली. अनवाणी, लहान, बायकी. मी घरात चपलेशिवाय एक पाऊल टाकत नाही. मधुमेही माणसाने टाकूच नये.
पावलं डब्याकडे गेलेली आहेत. दाराकडून आलेली नाहीत.

११ तारीख
दोन ते चार कुठे गेले मला आठवत नाही. ही वही उघडी होती. कालच्या मजकुराखाली कुणीतरी लिहिलंय, वाकडंतिकडं, ओळीबाहेर:
गोड दे. दे. दे ना ग
ती घरातच राहते. माझी वही वाचते. मी जेवते तेव्हा कुठेतरी उभी राहून वाट बघते.

१२ तारीख
आजही येऊन गेली. पुरे झालं. साखर, मध, बिस्किटं, फळं, गोड म्हणून जे जे होतं ते सगळं कपाटात कोंबून कुलूप लावलं. दाराची किल्लीही त्याच जुडग्यात. जुडगा कुठे लपवला ते इथेही लिहीत नाही. ती वाचते. तिला कधी सुचणार नाही अशी जागा आहे.
बघू आता काय खाते.

१३ तारीख
साडेबारा. सोळा टक् घेतले, जेवले. मग खोकं फोडून भिंग काढलं, अक्षर ताडून पाहायला. वसतिगृहातल्या निनावी चिठ्ठ्या अशाच पकडायची.
‘द’ची गाठ माझी आहे.
चपला काढून पाहिलं. टाचेच्या भेगांत पावडर. पांढरी.

एक वाजून गेला. भिंग पेनावर धरलं. छापलंय, एक टक् दोन युनिटं. सोळा टक् फिरवून बघितले. खिडकीत बत्तीस. रोज दुप्पट — रोज — आणि ती मला वाचवायला उठायची —

घाम. भाचीला फोन लावला. ती म्हणते नीट बोल मावशी, शब्द कळत नाहीत. मी नीटच

कपाट हलत नाही. चार हमाल लागले होते

दार वाजतंय. कामाची बाई. भाचीने धाडलंय म्हणे. ओरडतेय, बाई, किल्ली खिडकीतून टाका, मी खाली झेलते. बाई, अहो बाई

किल्ली. डाळीत नाही. उशीत नाही. बोटं कुणाची ही

वहीत असेल. मी सगळं लिहिते. पानं मागे — बारा तारीख —
इथेही लिहीत नाही
माझं अक्षर. किती सुवाच्य. एकही खाडाखोड ना