पुदिन्याच्या कांड्या

६ एप्रिल, रविवार

पल्लवीनं पुण्याहून पाठवलेले बर्फाच्या कांड्यांचे साचे आले. रंग सुंदर, पण फार रुंद. वडिलांचं तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही हे लेकीच्या लक्षात कुठून राहणार. फोन केला. "अगं, मी फोटो पाहून मागवले," म्हणाली. आता दुसरे पाठवते आहे, बोटाएवढे.

तोंडाच्या कॅन्सरचे रेडिएशनचे शेक संपले फेब्रुवारीत. तोंड आतून अजून लालभडक. चहा कोमट, वरणात मीठसुद्धा बेताचं. थंड तेवढं गिळलं जातं. डॉ. म्हणाले होते, फळांचे रस गोठवून चोखायला द्या, आंबट सोडून. 'आंबट सोडून' हे मी विसरले. घरात संत्री होती म्हणून आज त्यांचीच कांडी केली. ह्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाटीत ठेवून भिंतीकडे तोंड करून निजले.

संत्र्याच्या उरलेल्या कांड्या मीच खाल्ल्या. उभ्यानं, सिंकपाशी.

९ एप्रिल, बुधवार

टरबूज आणि तुळशीची थोडी पानं. नुसता रस गोठवला की दगड होतो, हिरडीला लागतो. साबुदाण्याची पातळ पेज गाळून घातली तर मऊ झाली. जिभेवर ठेवली की विरते. हे मला कोणी सांगितलं नाही, माझं मीच शोधलं. बरं वाटलं.

ह्यांनी पूर्ण संपवली. 

सेलूहून यायला साडेसहा होतात. ऑफिस, मग बस, मग बोरगावपर्यंत पायी. दुपारभर दिलीप ह्यांच्यापाशी असतो. मोबाइल दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून, ते बंद करून येतो. गोळ्या देतो, संध्याकाळी चौकापर्यंत फिरवून आणतो. माझा सख्खा भाऊ असला तरी एवढं कोण करतं. आई गेली तेव्हा सातवीत होता. तेव्हा मी त्याचा डबा करायची, आता तो माझं घर सांभाळतो. 

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी विहारात वंदना. पल्लवीच्या रुंद साच्यांतल्या कांड्या गल्लीतल्या पोरांना वाटल्या. चिकूची आणि डांगराची (पल्लवीच्या पुण्यात खरबूज म्हणतात). डांगरात बडीशेप घातली होती, ती आधी संपली.

ह्यांनी पांढरा सदरा घातला. गळ्याभोवती ढिला झालाय. खुर्ची टाकून दारात बसले, येणारे-जाणारे विचारत होते. विजेच्या खांबावर चढणारा माणूस, वादळात रात्रभर लाईन जोडून यायचा. आता चार शब्द बोलले की दम लागतो. संध्याकाळी दिलीपसोबत मिरवणूक पाहायला गेले. येताना चेहरा फुललेला होता.

१६ एप्रिल, बुधवार

आज स्वतःहून मागितलं. आजारपणात पहिल्यांदा.

"पुदिन्याची बनवजो उद्या."

पुदिना झोंबेल म्हटलं.

"नाई झोंबत. बनव तू."

म्हणजे तोंड आतून भरून येतंय. पल्लवीला लगेच फोन. ती जरा गप्प झाली, मग "बरं झालं" म्हणाली. मीटिंगमध्ये असेल.

१७ एप्रिल, गुरुवार

बाजारातून दोन जुड्या आणल्या. पानं निवडून, धुऊन, खडीसाखरेसोबत वाटली. दोनदा गाळली, चोथा राहायला नको. थोडा डांगराचा गर, साबुदाण्याची पेज. रंग हिरवागार. पल्लवीचे नवे साचे वेळेवर आले.

फिरून आल्या आल्या खाल्ली. दारातच. चप्पल काढायच्या आधी.

"रोज एक ठेवत जाय."

ठेवीन. रोज ठेवीन.

२१ एप्रिल, सोमवार

रजा. दवाखाना. डॉ.नी टॉर्च मारून सगळीकडे पाहिलं. डाव्या गालात थोडं पांढरं आहे म्हणाले. शेकाचंही असू शकतं, जूनमध्ये परत पाहू. मग माझ्याकडे वळून, "तंबाखू, खर्रा पूर्ण बंद आहे ना?"

ह्यांना बोलायला वेळ लागतो. मीच म्हटलं, "बंद आहे. त्याची जबाबदारी माझी."

"असं सांगणारं माणूस पाहिजे," डॉ. म्हणाले.

दिलीप दाराशी उभा होता, मोबाइल पाहत. परतताना मी त्याला म्हटलं, तुझ्यामुळे हे निभलं. "सोड न ताई," म्हणाला.

२८ एप्रिल, सोमवार

ऊन मी म्हणतंय. बसमधले दांडे हाताला चटकतात. पुदिना मिळाला नाही, सगळा मान टाकलेला. ओळखीच्या भाजीवालीला सांगून ठेवलं, माझ्यासाठी पहाटेच बाजूला काढून ओल्या फडक्यात ठेवत जा. ती हसली. "कोनासाठी एवढा?" म्हटलं, घरी पेशंट आहे, त्याला आवडतो.

बेलाची करून पाहिली. ह्यांनी हात लावला नाही. पुदिनाच पाहिजे.

३ मे, शनिवार

काय लिहू.

ह्यांची सवय, अर्धी कांडी चोखली की जीभ बधिर होते, उरलेली वाटीत घालून परत फ्रीजरमध्ये. सकाळी फ्रीजर पुसायला काढला. कालची अर्धी कांडी हातात घेतली. हिरव्या बर्फात एक तपकिरी कण. मुंगी वाटली. मग लवंगेचा तुकडा वाटला. पण लवंग मी घालतच नाही.

तळहातावर वितळू दिला. नखानं दाबला. सुपारी.

नाकाशी नेली. लग्नापासून ह्यांचे खिसे धुतले आहेत मी. चुना, तंबाखू, सुपारी घोटलेल्या खर्र्याच्या पन्नीचा वास मला झोपेतही ओळखू येईल.

हे बाहेर पेपर वाचत होते. वाटी धुतली. ऑफिसला सुट्टी होती ते बरं, नाहीतर रोजच्यासारखी आजही बसमध्ये जाऊन बसले असते.

४ मे, रविवार

दिलीपच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले.

"कधीपासून?"

"काय ताई?"

"तुले माहीत आहे काय."

खुर्ची पुढे केली त्यानं. मी बसले नाही. खाली पाहत म्हणाला, होळीपासून. 

"कोण आणते?"

"मीच आणतो." मग भराभर बोलायला लागला. "भाऊजी रडले माह्यापाशी. खांब्यावर चढनारा मानूस हात जोडून राह्यला होता, तं मी काय करू? अन् मी आनतो म्हून थोडासाच खातेत. नाई तं सोताच जातीन पानठेल्यावर. मंग किती खातीन, तुले कसं समजन?"

म्हणजे हे उपकारच. मी विचारलं, डॉक्टरसमोर मी जबाबदारी घेतली तेव्हा तू तिथंच होता ना. 

"होतो."

"मंग?"

स्क्रू उचलून डबीत टाकत राहिला.

निघाले, तर मागून म्हणाला, बहुतेक मन हलकं करायला, "वास येते म्हून मीच सांगतलं होतं त्यायले. ताईले पुदिन्याची माग म्हून."

रस्त्यात कुठं थांबले, कुठून वळले, आठवत नाही. ओल्या फडक्यातला पुदिना आठवत होता. दोनदा गाळलेला. दारातच, चप्पल काढायच्या आधी.

५ मे, सोमवार

ऑफिस. लक्ष नाही. शिक्का उलटा मारला एका कागदावर.

घरी आले तर हे फिरून आलेले. फ्रीजर उघडून उभे.

"आज नाई बनवली का?"

नाही म्हटलं. काऊन, का नाही, असं ह्यांनी विचारलं नाही. दिलीपनं सांगितलं असणार. म्हणजे अजूनही ते दोघं एका बाजूला आणि मी...

६ मे, मंगळवार

शेवटी बोलले मीच. जेवण झाल्यावर. भांडायचं नाही असं ठरवलं होतं.

म्हटलं, तुम्ही खाल्ला त्याचं दुःख वेगळं. सवय आहे, सुटत नाही, समजू शकते. मला सांगितलं असतं तर मी ओरडले असते, रडले असते, पण बरोबर राहिले असते. तुम्ही मला पुदिना निवडायला बसवलं.

मग सावकाश, एकेक शब्द धरून बोलले. "तुह्यासमोर मी नुसता पेशंट हाओ. तोंड उघडा, गोळी घ्या, कांडी चोखा. दिलीपपाशी घटकाभर पयलेसारखा राह्यतो."

हे लागलं. खरं असेल म्हणून लागलं की खोटं असेल म्हणून, कळत नाही. मी मेहनत केली ती ह्यांना अंगावर येत होती तर. आणि तरी माझ्याच हातचं तोंडात घालून माझ्यासमोर उभे राहायचे. 

सोडतो म्हणाले नाहीत. 

९ मे, शुक्रवार

पल्लवीला सांगितलं. ती गप्प झाली आणि मला ते पुदिन्याच्या वेळचं गप्प होणं आठवलं.

"तुला माहीत होतं."

"मामानं सांगितलं होतं. आई, तुला त्रास झाला असता. तू एवढी खूश होती कांड्या करताना..."

फोन ठेवला. 

बोटाएवढे साचे तिनं सगळं माहीत असून पाठवले. 

१२ मे, सोमवार

पौर्णिमा. विहारात खीर होती. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला थांबले. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. बाजूच्या बाईनं वळून पाहिलं. मी पदर तोंडाला लावला, उन्हाचं निमित्त सांगितलं.

हे घरीच होते. खीर वाटीत आणून टेबलावर ठेवली. हातात दिली नाही.

१९ मे, सोमवार

फ्रीजर रिकामा केला. टरबुजाच्या, डांगराच्या, सगळ्या कांड्या बादलीत टाकल्या. बादली लालसर-हिरवी झाली, मग मळकट. झाडांना घातलं पाणी.

दिलीपला घरी यायला मनाई नाही केली. तोच येत नाही. हे दिवसभर एकटे. तोंडाची सालं निघून राहिली पुन्हा. ताकभात मिक्सरमधून काढून देते, गोळ्या देते. माझ्याकडून काही कमी पडत नाही. पण कांडी नाही. मागतही नाहीत. 

चौकात जातात की नाही, विचारत नाही. खिसे पाहत नाही. मुद्दाम कपडे त्यांनाच मशीनमध्ये टाकायला सांगते.

२६ मे, सोमवार

नवतपा लागला, आता नऊ दिवस आग. लाईन दुपारी गेली ती संध्याकाळी आली. मी घरी आले तेव्हा हे ओल्या टॉवेलवर फरशीवर पडलेले, गाल थंड फरशीला लावून. क्षणभर जीव गेला माझा. हाक मारली तर डोळे उघडले.

"बरं आहे. थंड लागते म्हून."

शेजारून बर्फ आणला. रुमालात बांधून गालाला धरला. त्यांनी माझं मनगट पकडलं. मी सोडवून घेतलं नाही, पण तसाच ठेवला हात, मेल्यासारखा. त्यांनीच सोडलं.

आज वाटलं होतं करावी टरबुजाची. एकच. चाकू घेतला आणि ठेवून दिला. 

३० मे, शुक्रवार

दिलीप फाटकाशी. आत आला नाही. "सोमवारी दवाखाना हाय न. गाडी घेऊन येऊ का?"

"आम्ही ऑटोनं जाऊ."

"ताई, मी वाईटासाठी नाई केलं."

तेच तर. वाईटासाठी केलं असतं तर एकदा भांडून मोकळी झाले असते. मी आत आले. खिडकीतून पाहिलं, बराच वेळ उभा होता उन्हात. लहानपणी मार खाल्ला की असाच उभा राहायचा, जेवायला बोलावेपर्यंत.

बोलावलं नाही.

२ जून, सोमवार

रजा. दवाखाना. ऑटोत आम्ही दोघं, मध्ये फाइलची पिशवी.

डॉ.नी टॉर्च लावला. ह्या वेळी जास्त वेळ पाहिलं. नर्सला बोलावलं, तिलाही दाखवलं. मग मागच्यासारखंच माझ्याकडे वळून विचारलं, खर्रा बंद आहे ना.

मी ठरवून गेले होते, काही बोलायचं नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसले. पंखा फिरून राहिला. 

ह्यांनी तोंड पुसलं. "चालू हाय."

"केव्हापासून?"

"होळीपासून. हिले माहीत नाई. आत्ता इथंच समजलं तिले."

डॉ. माझ्याकडे पाहायला लागले. त्यांच्या नजरेत माझ्यासाठी दया आली. मला वाटलं सांगावं, महिन्यापासून माहीत आहे मला. नाही सांगितलं. 

खरं बोलले तेव्हाही त्यात एक खोटं घातलंच ह्यांनी. ते माझ्यासाठी होतं, समजतं मला. तरीही राग आला. रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, त्याचं नाव आज लिहीत नाही.

गालातला तुकडा काढला तपासणीला. रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस. पांढरं वाढलंय, एवढंच बोलले डॉ. टाका घातला. आज बोलायचं नाही, गरम नाही, फक्त थंड.

परतताना विचारलं, "काऊन सांगतलं तसं?" बोलू नका म्हटलेलं विसरूनच गेले. त्यांनी माझ्या हातातली फाइल घेतली, मागच्या पानावर पेनानं लिहिलं: 'तू मागच्या वेळी माह्यासाठी बोलली होती.'

आता खाणार नाही, असं लिहिलं नाही. मी वाट पाहिली. पेन खिशाला लावून ते बाहेर पाहत बसले.

घरी आलो. कापूस दोनदा बदलला. खुर्चीत बसलेत. फोन वाजतो आहे टेबलावर, मघापासून. दिलीपचा आहे. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला ऐकायचं असेल. ह्यांना बोलता येत नाही, म्हणजे उचलला तर मलाच उचलावा लागेल. हे माझ्याकडे पाहून राहिले आहेत, फोनकडे नाही. थांबला. पुन्हा वाजतो आहे.