टॉवेलच्या दांडीची मूठ

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, शाळेत संस्कृत शिकवणारा आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकमंडळासाठी शस्त्रे बनवणारा, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाविना माझ्या मागच्या व्यवस्थेसाठी हे लिहून ठेवत आहे. शुद्धीबाबत माझ्या पत्नीचे मत वेगळे आहे. तिच्या आग्रहावरून ते येथे नोंदवले. येत्या गुरुवारी माझ्या पित्ताशयातील खडा काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रिया साधी आहे. दुसऱ्याच्या पोटावरची सगळीच साधी असते.

गेली अकरा वर्षे माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, माझ्याशी बोलत नाही व मी त्याच्याशी बोलत नाही. खडा राहिला तरी चालेल, पण ही गोष्ट माझ्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठीच खरे तर हा खटाटोप. बाकीची कलमे सोबतीला आहेत.

कलम १. राहते घर व बँकेत जे असेल ते पत्नीस. तिला कबुली अशी की, मागच्या महिन्यात न्हाणीघरातून टॉवेलची स्टीलची दांडी नाहीशी झाली ती मी काढली. "दांडी काय चालत गेली का?" असे तिने विचारले तेव्हा मी "असेल" म्हणालो होतो. तिच्या कपाटाचा पितळी गोळाही मीच काढला. नवी दांडी माळ्यावर आणून ठेवली आहे. मी सुखरूप परतलो तर मीच बसवीन, मात्र घाई करू नये.

कलम २. संस्कृत कोशाचे चारही खंड शाळेच्या ग्रंथालयास, या अटीवर की शिक्षकांच्या खोलीतील डुगडुगणाऱ्या टेबलाखाली त्यांपैकी एकही जाणार नाही. तिसरा खंड सध्या तिथेच आहे. तो आधी काढावा.

कलम ३. नळी घट्ट पकडायचा शेगडा, हॅकसॉ, तीन कानशी व हातड्रिल माझ्या मुलीस. जावई भला माणूस आहे, पण ड्रिल त्याच्या हाती देऊ नये. पुरावा हवा असल्यास त्यांच्या दिवाणखान्यातील भिंत पाहावी.

कलम ४. नाटकमंडळाचे चिटणीस, ज्यांनी मला "मूठवाले" हे टोपणनाव दिले व गावभर रुळवले, त्यांना मी बनवलेले सिंहासन. त्याचा मागचा डावा पाय कच्चा आहे हे त्यांना सांगायचे की नाही, ते पत्नीने आपल्या मर्जीने ठरवावे.

कलम ५. तलवारीची मूठ दादास.

येथे थोडे सविस्तर लिहितो. दादा मंडळाचा नायक होता, मी त्याचा शस्त्रकार. तलवारीचे पाते अ‍ॅल्युमिनियमचे, मूठ पोलादी नळीची. एका नळीत दुसरी घट्ट बसवायची, पात्याची शेपटी आतल्या नळीत सरकवायची, तिन्हींतून आरपार भोक पाडायचे आणि त्यात खीळ घालायची. प्रत्येक प्रयोगाआधी आमचा रिवाज ठरलेला होता. खीळ घालून मी म्हणायचे, "आहे." पाते ओढून बघून त्याने म्हणायचे, "आहे." एकवीस प्रयोग असे निर्विघ्न पार पडले.

बाविसाव्याच्या दुपारी दादा म्हणाला, "मूठ आखूड आहे. करंगळी बाहेर राहते."

मी म्हणालो, "मूठ आहे तेवढीच आहे. हात सुजलाय तुझा."

"माझा हात सुजलाय? आणि तुझी अक्कल?"

त्यानंतर आम्ही एकमेकांकडे न बघता तयारी केली. मी "आहे" म्हणालो. दादा "आहे" म्हणाला. शेवटच्या अंकात त्याने तलवार आभाळाकडे उगारली आणि पाते सुटून थेट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन पडले. इजा काही झाली नाही. पण पुढचे चार मिनिटांचे भाषण दादाने हातात नुसती नळी धरून केले, आणि मागून कोणीतरी ओरडले, "राजे, आधी नळ बंद करा!" दादा त्यानंतर रंगमंचावर चढला नाही.

खीळ तुटली, असे मी सर्वांना सांगत आलो. ती तुटली नव्हती. माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. रागाच्या भरात घालायची राहिली आणि तोंडाने "आहे" निघून गेले. मूठही खरोखर अर्धा इंच आखूड होती.

म्हणून यंदा नवी मूठ केली. माप घ्यायला दादा समोर नव्हता, तेव्हा मुलीने युक्ती केली. "काका, रक्तदाबासाठी हा मातीचा गोळा दाबा," असे सांगून तिने त्याच्या पंजाचा ठसा आणला. बाहेरची नळी टॉवेलच्या दांडीची, आतली पडद्याच्या दांडीची (ही कलम १ मध्ये सांगायची राहिली). टोके कानशीने घासली, टोकाला पितळी गोळा, वर माझ्या जुन्या दप्तराच्या चामडी पट्ट्याचे वेढे. करंगळी आत बसेल. सोबत मूळ खीळ, बटणांच्या डबीत.

पुरवणी, सही करण्यापूर्वी. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई आल्या. दुसरे साक्षीदार भूगोलाचे सर तापाने आडवे पडले, तेव्हा पत्नीने मला न विचारता दादाला फोन केला. तो आला आणि कागद ओढून त्याने थेट कलम ५ काढले. नाटकाच्या वहीतही तो फक्त स्वतःचा भाग वाचत असे.

ते त्याने दोनदा वाचले. मग दादा म्हणाला, "गाढवा, मी पाते ओढून बघितलंच नव्हतं. तुझ्या तोंडाकडे बघायचं नव्हतं मला. अकरा वर्षं वाटतंय, ओढलं असतं तर कळलं असतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सगळ्यांना सांगत होतास ना, खीळ तुटली म्हणून. म्हटलं, मी ओढलं नाही हे ठाऊक असून हा मला पाठीशी घालतोय. मग कुठल्या तोंडाने बोलू?"

वकीलबाई म्हणाल्या, "हे सगळं छान आहे, पण ज्यांना काही मिळतंय त्यांनी साक्षीदार होऊ नये. एक तर मूठ, नाही तर सही."

"मूठ," दादा म्हणाला.

"मग साक्षीदार कुठून आणू?" मी म्हणालो.

पत्नी भांडी विसळत होती. तिथूनच म्हणाली, "अहो, तुम्ही अजून आहात ना? मग हातात द्या की!"

सबब कलम ५ मधील देणगी रद्द केली आहे. देणारा हयात व घेणारा समोर असल्याने मूठ आज हातोहात दिली. दादा दोन गल्ल्या चालत जाऊन पाते घेऊन आला. जुन्या चादरीत गुंडाळलेले होते, पण त्यावर धुळीचा कणही नव्हता. जेवणाच्या टेबलावर मी खीळ घातली. दादाने पाते असे ओढले की टेबलच पुढे सरकले.

स्थळ: स्वयंपाकघर. वार सोमवार, सकाळी साडेअकरा.

लिहून ठेवणार: (सही) मूठवाले

हे लिहिणाऱ्याने आमच्यादेखत वाचून, समजून सही केली व आम्ही त्याच्यादेखत केली:

१. (सही) वकीलबाई, तळमजला

२. (सही) थोरला भाऊ

वकीलबाईंची हरकत असूनही कागदात पुढील नोंद ठेवली आहे:

खीळ: आहे. (सही, धाकटा)

आहे. पाते ओढून बघितले. (सही, थोरला)